'कोण नथी?' विचारणारे सर

एका कोल्ड कोकोच्या ग्लासावर मी तीन माणसांचं काम घालवलं आहे. ग्लास मोठा होता, वर काजूचे तुकडे होते, आणि मी तो तळापर्यंत प्यायले. तेव्हा मी शेहेचाळीस वर्षांची होते, म्हणजे अजाण म्हणून सुटायचं वय कधीच मागे पडलं होतं. पोरं मोठी झाली, नवरा बँकेत आणि मी घरात, म्हणून मी सुरतेच्या एका लॉ कॉलेजात सकाळच्या वर्गाला नाव घातलं होतं. दुसऱ्या वर्षाला होते. मसुदा लिहिण्यात वर्गात पहिली आले होते आणि स्वतःच्या मसुद्यांवर माझा पोटच्या पोरांपेक्षा थोडा जास्तच जीव होता. माझी नात हल्ली विचारते, "आजी, तू खरंच एवढी बावळट होतीस?" मी म्हणते, "बावळट असते तर परवडलं असतं गं. मी हुशार होते."

तो ग्लास कुठून आला हे सांगण्याआधी सरांची ओळख करून द्यायला हवी, कारण त्यांची ओळख नीट झाली असती तर मी तो ग्लास तोंडाला लावला नसता.

सरांना डाव्या कानानं ऐकू येत नसे, उजव्यानंही जेमतेमच. ऐन तरुणपणाची दहा वर्षं त्यांनी सुरतेतल्याच लिंबायतमध्ये वडिलांच्या शेजारी लूमवर, यंत्रमागावर, काढली होती, आणि पाळी सांभाळून शिकत शिकत ते प्राध्यापक झाले होते. तो कान तिथंच राहिला. संच्यांच्या, म्हणजे त्या मागांच्या, खडखडाटात शेजारच्याचा शब्द कानावर येत नाही, म्हणून तिथले कारागीर एकमेकांचे ओठ वाचतात. सरांची ती सवय कॉलेजातही गेली नव्हती, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मी शेवटच्या बाकावर बसून शेजारच्या मुलीच्या कानात म्हटलं, "हे सर आहेत की फेरीवाले? केवढ्यानं ओरडतात!" सर फळ्यापाशी होते. तिथूनच म्हणाले, "फेरीवाल्यांचाही कायदा आहे, बेन. पुढच्या महिन्यात शिकवीन." मी वही उघडून तोंड त्यात घातलं ते तास संपेपर्यंत बाहेर काढलं नाही.

मुलं त्यांना 'कोण-नथी सर' म्हणत. कुठलाही निकाल वाचला, की कोण जिंकलं, कुठल्या कलमाखाली जिंकलं, हे आम्ही धडाधड सांगायचो. सर शांतपणे ऐकून घेत आणि मग विचारत, "आ कागळमां कोण नथी?" या कागदात कोण नाही? एकदा संपाचा निकाल होता. मालक होते, युनियन होती, सरकार होतं. आम्ही म्हटलं, सगळेच आहेत की. सर म्हणाले, "ज्या बाईनं त्या महिन्यात कारागिरांचे डबे उधार दिले, ती कुठे आहे?" एक मुलगा वैतागून म्हणाला, "सर, ती कायद्यात येतच नाही." सर त्याच्याकडे फार आनंदानं बघत राहिले. "हं. आता अभ्यास सुरू झाला. का येत नाही?"

एकदा त्यांनी सगळ्यांना लिहायला लावलं, की सकाळी साडेसातला तुम्ही या बाकावर येऊन बसलात, त्यासाठी आज कोणाकोणाचे हात लागले. मी हौसेनं यादी केली. दूधवाला, बसचा ड्रायव्हर, कंडक्टर, कॉलेजचा झाडूवाला, माझी साडी विणणारा, तिला फॉल लावणारी. वर्गात सगळ्यात लांब यादी माझी. मी ती अशी मिरवत नेऊन दिली, जणू या सगळ्यांना न्याय मीच मिळवून दिला होता. सरांनी ती दोनदा वाचली. "सरस. यात कोण नाही?" मी डोकं खाजवलं, वीजवाले घातले, पाणीवाले घातले. सर म्हणाले, "साडेचारला उठून चार माणसांचा डबा कोणी केला?" मी म्हटलं, "तो तर मीच केला." आणि मग मला माझंच हसू यायला लागलं, ते अर्ध्यातच थांबलं.

रविवारी सर आम्हाला लिंबायतला न्यायचे. पाळी बदलायच्या वेळी चहाच्या टपरीवर बसायचं, कारागिरांशी बोलायचं, आणि पहिला तासभर एकाही कलमाचं नाव काढायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. पहिल्या रविवारी मी काळा कोट घालून गेले. मे महिना होता, आणि तो कोट घालायचा मला अजून अधिकारही नव्हता. सरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि टपरीवाल्याला म्हणाले, "काका, यांना सावलीत बसवा. कोर्ट वितळतंय."

भटू आम्हाला त्याच टपरीवर भेटला. शिरपूरकडचा, तिशीतला माणूस, डावा हात फडक्यात गुंडाळलेला. त्याची गोष्ट कळायला तिथली एक रीत माहीत हवी. लूमवरचा माणूस लग्नाकार्याला गावी निघाला, की संचे रिकामे ठेवत नाही, नाहीतर परत येईपर्यंत तिथं दुसराच कोणी उभा असतो. तो आपल्या जागी भाऊ, मेहुणा, साडू असा घरचा माणूस उभा करून जातो. शेठला ते माहीत असतं, मुकादमाला माहीत असतं, साऱ्या गल्लीला माहीत असतं. रजिस्टरमध्ये मात्र नाव गावी गेलेल्याचंच चालू राहतं. भटू साडूच्या जागी उभा होता आणि चौथ्या दिवशी त्याची दोन बोटं संच्यात गेली. शेठच्या माणसानं त्याला दवाखान्यात नेलं, तिथं साडूचं नाव सांगितलं आणि कागद स्वतःच्या खिशात घातला. मग शेठ म्हणाले, या नावाचा माणूस आमच्याकडे कधी नव्हताच.

भटू मला म्हणाला, "ताई, बोटं मन्ही गयात आनि नाव साडूनं लागनं."

साडूनं हात वर केले. त्याचे संचे अजून चालू होते. भटूला पैशापेक्षाही एक गोष्ट हवी होती, आणि ती तो पुन्हा पुन्हा सांगत होता. मी तिथं कामाला होतो, एवढं कोणीतरी मान्य करावं. गावी लोक विचारायचे, हाताला काय झालं, आणि तो सांगायचा तर साडूच मान फिरवायचा.

सरांची एक जुनी विद्यार्थिनी, हेतलबेन, कामगार कोर्टात वकिली करत होती. तिनं केस घेतली. माझ्याकडे साक्षीदारांशी बोलून नोटिशीचा मसुदा करायचं काम आलं. तिघं बोलले. एक ओडिशाचा कारागीर, एक भटूच्याच गावाकडचा, आणि सुताच्या बॉबिन भरणारी कस्तुरबाई. पन्नाशीची, काटक बाई. भटूचा हात तिनंच आपल्या पदरानं बांधला होता. तिनं मला जिन्याखाली ओढून नेऊन सगळं सांगितलं, आणि सांगताना तिची नजर सारखी दरवाज्यावर होती. ती नजर मी पाहिली. तिचा अर्थ लावायचं मात्र मला सुचलं नाही.

सरांना बहिणीकडे गावी जायचं होतं. "मसुदा करून ठेवा," ते म्हणाले. "मी चार दिवसांत येतो. मग हेतलबेन, तुम्ही नि मी बसून बघू."

चार दिवस कोण थांबणार! असा मसुदा मी जन्मात लिहिला नव्हता. घटना, वेळ, पाळी, संच्याचा क्रमांक, आणि शेवटी 'सदर घटना प्रत्यक्ष पाहणारे इसम' म्हणून तिघांची पूर्ण नावं. पुराव्याशिवाय विधान करू नये, हे मी पाठ केलं होतं. हेतलबेन कोर्टात गुंतलेली होती. तिला मी फोनवर म्हटलं, "नोटीस तयार आहे, सही करून देतेस का?" तिनं माझ्यावर भरवसा ठेवून घाईत सही केली. मग मला वाटलं, पोस्टानं कशाला, आपणच हातोहात देऊन पोच घेऊ.

शेठचं ऑफिस कापड मार्केटमध्ये होतं. थंडगार. मला वाटलं होतं, आरडाओरडा होईल. शेठ उठून उभे राहिले. "आवो बेन, बेसो. बहार केटली गरमी छे!" कोल्ड कोको मागवला. नोटीस नीट, हळूहळू वाचली. मग चष्मा काढून म्हणाले, "भाषा बहु सरस छे. तमे ज लखी?"

काय सांगू? दोन वर्षं मी वाट बघत होते, की हे कोणीतरी म्हणावं. नवऱ्यानं म्हटलं नव्हतं, मुलांनी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "हो, मीच."

"आ तीन जण कोण? ओळखायला नको का? आमच्याकडे इतके लोक," शेठ अर्ध्या मराठीत म्हणाले. आणि मी, समोरच्याची बाजूही ऐकावी हे पुस्तकात वाचलेली मी, काजू चावत चावत सांगितलं, की हे दोघं मागच्या रांगेतले आणि ही कस्तुरबाई, वरच्या मजल्यावर बॉबिन भरते ती. शेठनी नावांखाली पेन्सिलीनं रेघ मारली. कारकुनानं पोचेवर शिक्का मारला. मी घरी येईपर्यंत रिक्षात गाणं गुणगुणत होते.

संध्याकाळी भटूचा फोन आला. "ताई, तिघास्ले काढी टाकं."

सर आले त्या दिवशी मी स्टाफरूमच्या दारात उभी राहिले. हातात नोटिशीची प्रत. नजर जमिनीवर. मी सगळं सांगितलं. कोको तेवढा गाळला. सरांनी खुर्ची पुढे ओढली. मला वाटलं, संतापले. मग ते म्हणाले, "वर बघून बोला. मला तुमचे ओठ दिसत नाहीत."

म्हणजे ते सगळं मला पुन्हा सांगायचं होतं, त्यांच्या तोंडाकडे बघत. दुसऱ्या वेळी कोकोही सांगितला.

त्यांनी प्रत घेतली आणि वाचायला लागले. मला वाटलं, आता विचारतील, यात कोण नाही. त्यांनी तेही विचारलं नाही. चेहरा राखेसारखा झाला होता. शेवटच्या तीन नावांवर बोट ठेवून म्हणाले, "या तिघांना विचारलं होतंत, की नावं लिहू का?"

"ते बोलले होते, सर. खरं होतं ते."

"खरं होतं. विचारलं होतंत?"

मी नाही म्हटलं. त्यांनी चप्पल पायात घातली. "चला."

"कुठे?"

"त्यांच्या घरी. तुम्ही सांगायचं. मी फक्त शेजारी उभा राहीन."

ओडिशाच्या कारागिराच्या खोलीला कुलूप होतं. शेजारी म्हणाला, सामान घेऊन गेला, कुठे ते माहीत नाही. दुसऱ्यानं दार उघडलं, मला पाहिलं आणि दार अर्धं लावून आतून बोलला, "माझं नाव घेऊ नका आता. मी काही पाहिलेलं नाही." सर त्याला समजवायला गेले नाहीत. "बरोबर आहे तुझं," म्हणाले, आणि आम्ही निघालो.

गल्लीच्या तोंडाशी मला रडू फुटलं. सर थांबले. "रडायचं असेल तर इथं रडून घ्या. कस्तुरबाईंच्या दारात नाही. तिथं रडलात, तर काम गेलेल्या बाईला तुमची समजूत काढत बसावं लागेल." मी पदरानं डोळे पुसले. आजही कोणाची माफी मागायला निघाले, की मला ते वाक्य आठवतं आणि मी घरूनच रडून जाते.

कस्तुरबाई उंबऱ्यावर बसली होती. तिनं बसायला सांगितलं नाही. मी उभ्यानं सांगितलं.

"तू शेठले आमनं नाव सांगं?"

"हो."

"कशाले?"

"नोटीस पक्की व्हावी म्हणून."

तिनं सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ताई, मी तुले सांगं ते तुन्हा कानमां सांगं. कागदवर नही."

सर अहिराणीतच म्हणाले, की साक्षीला यायचं का नाही ते तुम्हीच ठरवा, आम्ही मागे लागणार नाही. ती "दखसू," म्हणजे बघू, एवढंच म्हणाली आणि उठून आत गेली.

त्यानंतर सुनावणीपर्यंतचे महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. कस्तुरबाईला त्या रांगेतल्या एकाही शेठनं कामावर घेतलं नाही. नावं फिरली होती. मी दोनदा तिच्या गल्लीपर्यंत गेले आणि सरांचा शब्द आठवून परत फिरले. वर्गात सर नेहमीसारखे शिकवत होते. माझ्याशी नीट बोलत, माझ्या उत्तरवह्या तपासून देत, फक्त 'सरस' म्हणायचं त्यांनी सोडून दिलं होतं. एकदा धीर करून विचारलं, "सर, ती येईल?" ते म्हणाले, "न येण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. तो तुम्ही तिला मिळवून दिलेला आहे."

सुनावणीच्या दिवशी अकरा वाजले, साडेअकरा वाजले. भटू भिंतीला टेकून उभा होता, फडकं सोडून पुन्हा बांधत होता. हेतलबेन तिसऱ्यांदा दाराकडे जाऊन आली. नाव पुकारायला आणि कस्तुरबाई जिना चढून यायला एकच गाठ पडली. हिरवं लुगडं, हातात पिशवी, कोणाकडेही न बघता ती थेट पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली.

तिनं सांगितलं. भटू तिथं चार दिवस उभा होता, बोटं गेली, मी हात बांधला. मग शेठचे वकील उठले. त्यांनी गोड आवाजात गुजरातीत विचारलं, "तुम्हाला कामावरून काढलेलं आहे ना?"

"हो."

"म्हणजे शेठवर राग आहे."

"हाये ना."

वकील आमच्याकडे वळून हसले. साक्षीदाराचा राग मीच तयार करून त्यांच्या हातात दिला होता. वकील म्हणाले, "तर मग रागापोटीच तुम्ही खोटं बोलता आहात. भटू नावाचा माणूस तिथं कधी नव्हताच."

कस्तुरबाईनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. सर पुढे वाकून तिच्या ओठांकडे बघत होते. मग ती न्यायाधीशांकडे तोंड करून म्हणाली, "सायेब, भटू तठे नव्हताच, तर शेठ मन्हावर कशाले चिडना? मी त फक्त भटूनं नाव सांगं व्हतं. जो मानूस नव्हताच, त्यानं नाव सांगं म्हनीसन माले त्याच दिवशी कशाले काढं?"

साहेबांनी मान वर केली. "फरी बोलो," ते म्हणाले. ती पुन्हा बोलली, शब्द न् शब्द तोच. हेतलबेननं नोटिशीची पोच काढली. शिक्क्यावरची तारीख आणि तिला काढल्याची तारीख एकच होती. शेठचे वकील खाली बसले.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मला राहवलं नाही. लाज कोळून प्यायलेली बाई मी. म्हटलं, "सर, म्हणजे माझी नोटीस कामी आली!"

सर माझ्या ओठांकडे बघत होते. "तुमची नोटीस नाही," ते म्हणाले. "तिची नोकरी कामी आली."

निकाल यायला बराच काळ गेला. तोवर सर निवृत्त होऊन तापीकाठच्या आपल्या गावी राहायला गेले होते. मी परीक्षा पास झाले होते आणि कोट घालायचा अधिकारही मिळाला होता. निकालाच्या दिवशी कोर्टातूनच मी त्यांना फोन लावला आणि त्यांच्या उजव्या कानासाठी मोठ्यानं ओरडले, "सर, भटू कामगार ठरला!"

पलीकडून 'हं' आलं. मग, "भटूला सांगितलंत?"

"तो इथंच आहे, सर. साडूला फोन करतोय."

"बाकीच्या दोघांचं काही कळलं?"

"नाही, सर."

"मग निकाल लागला म्हणू नका. एकाचा लागला म्हणा." आणि मग, जरा मऊ आवाजात, "कस्तुरबाईंना फोनवर सांगू नका. जाऊन सांगा."

सरांशी माझं तेच शेवटचं बोलणं. त्या हिवाळ्यात ते गेले. कळलं तेव्हा उशीर झाला होता. मी गावी गेले, तर ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं त्यांच्याविषयी मोठमोठ्यानं आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघत बोलत होती. त्यातली निम्मी लूमवरून परतलेली होती. इतका आवाज असलेलं सुतक मी दुसरं पाहिलं नाही.

पण त्या निकालाच्या संध्याकाळी मी सरांनी सांगितल्याप्रमाणे लिंबायतला गेले होते. कस्तुरबाई गल्लीत पाणी भरत होती. मी सांगितलं. तिनं हंडा खाली ठेवला, ऐकून घेतलं, "बरं व्हयनं" म्हणाली आणि पुन्हा नळाकडे वळली. मी तशीच उभी. मी घरून रडून आले होते, त्यामुळे डोळे कोरडे होते. म्हटलं, "कस्तुरबाई, मला माफ केलंत का?"

तिनं नळ बंद केला. पदराला हात पुसले. मग म्हणाली:

"ते मंग दखसू. तू रविवारले ये. आमनी गल्लीन्या बाया घरमां बठीसन साडीसले टिकल्या चिटकाडतीस, त्यास्नं नाव कोठेच नही. लिखाले ये. पन आते लिखानं पहिले आमले इचार."